उन्हाळ्यात टोमॅटो-मिरचीची फुलं का गळतात?

शहापूर-मुरबाड पट्ट्यात भात निघाला की पाण्याची सोय असलेले शेतकरी भाजीपाल्याकडे वळतात. लागवडीला उशीर झाला, तर मार्च-एप्रिलमध्ये वेगळीच अडचण दिसते. झाड हिरवंगार असतं, फुलंही येतात, पण फळ धरत नाही.

नेमकं काय होतं?

उन्हात झाड तग धरतं, पराग तग धरत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रही उबदार राहिली, की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फूल देठापासून गळतं. ढोबळी मिरची आणखी नाजूक, तिची फूलगळ ३२ अंशांच्या आसपासच सुरू होते. तिखट मिरची त्यामानाने काटक. अशा वेळी युरिया वाढवला तर पालाच वाढतो, फळं नाही.

मग लागवड कधी करावी?

ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर रोपं तयार करून नोव्हेंबरमध्ये लावली, तर फुलं थंडीत येतात आणि कडक ऊन पडण्याआधी बराचसा माल निघतो.

उन्हाळ्यातच घ्यायचं असेल तर?

• ३५ ते ५० टक्के सावलीची शेडनेट लावा. कुंडी असेल तर दुपारची सावली पुरते.
• बुंध्याभोवती भाताचा पेंढा अंथरा. माती थंड राहते, ओल टिकते.
• ठिबकने, शक्यतो सकाळी, नियमित पाणी द्या. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही आणि टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो.
• पानं जास्त छाटू नका. उघडी पडलेली फळं उन्हाने भाजतात.

पानं आकसली तर?

टोमॅटोत हा बहुतेकदा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू असतो. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करावं आणि पुढच्या वेळी रोपं बारीक जाळीखाली वाढवावीत. मिरचीत मात्र फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही पानं मुरडतात. म्हणून फवारणीआधी पानाची खालची बाजू तपासावी.

शेवटचा प्रश्न पाण्याचा

भातसानगरचं भातसा धरण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांत सर्वांत मोठं आहे. तरीही शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्यामुळे मे महिन्यात विहिरीला किती पाणी उरतं, ते पाहूनच किती गुंठे लावायचे हे ठरवावं.