घोरणाऱ्या घशाला हवेचा टेकू

घोरणाऱ्या माणसाला गाढ झोप लागली आहे, असं आपण सहज म्हणून जातो. काहींच्या बाबतीत ते साफ चुकीचं असतं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते आणि मऊ टाळू, पडजीभ थरथरू लागतात. हेच घोरणं. पण ती वाट पुरती मिटली, तर आवाज एकदम थांबतो. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत राहतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठा आचका देऊन श्वास सुटतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. तो गंभीर असेल तर हे तासाला 30 वेळा किंवा त्याहून जास्त घडतं. सकाळी माणसाला यातलं बहुधा काहीच आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याने मात्र रात्रभर जीव मुठीत धरलेला असतो.

दिवसा पेंगणाऱ्या लठ्ठ रुग्णांचं वर्णन 1956 साली अमेरिकी डॉक्टरांनी केलं, तेव्हा डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या झोपाळू पोरावरून आजाराला नाव दिलं आणि कारण रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधलं. खरी गोम रात्रीच्या श्वासात होती. फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी 1965 साली झोपेतल्या नोंदी घेऊन ती दाखवून दिली. निदान झालं, पण खात्रीचा इलाज एकच होता : गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. दिवसा तिला बूच लावायचं, रात्री काढायचं. श्वास नक्की चाले, पण हे जन्माचं दुखणं गळ्यात बांधून घ्यायला कोण राजी होणार?

जून 1980 मध्ये सिडनीत असाच एक रुग्ण डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे आला. त्याला भोक नको होतं. सुलिव्हन नुकतेच कॅनडातून परतले होते. तिथे इलियट फिलिप्सन यांच्याकडे ते कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वसनाचा अभ्यास करत आणि त्यासाठी कुत्र्यांच्या तोंडाला बसणारे मास्क वापरत. नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडली, तर घसा आतून उघडा राहील, असा त्यांचा कयास होता. नवजात बाळांच्या फुप्फुसांसाठी जॉर्ज ग्रेगरी यांनी 1971 मध्ये दाबाची हवा वापरली होतीच. आता प्रश्न घशाचा होता.

यंत्र हाताला लागेल त्यातून उभं राहिलं. हवा फेकायला व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती. सुरुवातीचे मास्क रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन बनवत आणि सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवत. दाब वाढवताच त्या रुग्णाचा घसा उघडला आणि तो लगेच स्वप्नांच्या झोपेत गेला. दाब कमी केला की श्वास पुन्हा अडे, वाढवला की मोकळा होई. थोडा वेळ करून पाहायचा प्रयोग रात्रभर चालला आणि सकाळी माणूस ताजातवाना उठला. मला या कथेत सुलिव्हन यांच्याइतकाच तो रुग्ण मोठा वाटतो. त्याने आधी ‘नको’ म्हटलं आणि मग अनोळखी यंत्राखाली झोपायला तयार झाला.

एप्रिल 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने पाच रुग्णांवर केलेल्या या उपचाराचा निबंध छापला. लागलेला दाब 4.5 ते 10 सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे पेल्यात तेवढं पाणी भरल्यावर तळाशी असतो तेवढाच. हवा सहसा तोंडावाटे निसटत नाही, कारण तोच दाब मऊ टाळूला पुढे जिभेवर रेटतो आणि तोंडाची वाट बंद करतो. पडजीभ आणि मऊ टाळू छाटण्याची शस्त्रक्रियाही अमेरिकेत त्याच वर्षी पुढे आली, पण तिचा गुण सगळ्यांना सारखा आला नाही. 1989 साली पीटर फॅरेल यांनी सिडनीच्या संशोधनावर कंपनी काढली. तीच आजची रेसमेड.

आपल्याकडे 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं. प्रत्येक घोरणाऱ्याला यंत्र लागत नाही. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू सोडणं एवढ्यावरही अनेकांचं भागतं. पण श्वास थांबत असेल, दिवसा गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करून घ्यायलाच हवी. डॉक्टरकडे जाताना शेजारी झोपणाऱ्यालाही बरोबर न्यावं. श्वास किती वेळ थांबतो, हे त्यालाच सांगता येतं. यंत्र लागलंच, तर दाब किती ठेवायचा हे तपासणीवरून ठरतं आणि मास्क स्वतःच्या नाकावर बसवून, आडवं होऊन पाहूनच घ्यावा लागतो.