वुडहाउसनंतरचा जीव्ह्ज

इंग्रजी विनोदी साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध मालक-सेवकाची जोडी म्हणजे बर्टी वूस्टर आणि जीव्ह्ज. पेल्हम ग्रेनव्हिल वुडहाउस (१५ ऑक्टोबर १८८१ – १४ फेब्रुवारी १९७५) यांनी ही जोडी सुमारे साठ वर्षे सांभाळली. सप्टेंबर १९१५ मध्ये अमेरिकेतील 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकातील कथेत जीव्ह्ज प्रथम अवतरला. त्या कथेत त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली होती. 'आन्ट्स आरन्ट जंटलमेन' ही त्याची अखेरची कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी लेखक निवर्तला. मधल्या काळात ११ कादंबऱ्या आणि ३५ कथा एवढा संसार उभा राहिला होता. त्यानंतर जवळजवळ चार दशके त्यात अधिकृत नव्या कादंबरीची भर पडली नाही. ती पडली नोव्हेंबर २०१३ मध्ये, सेबॅस्टियन फॉक्स यांच्या 'जीव्ह्ज अँड द वेडिंग बेल्स' या कादंबरीने. वुडहाउसच्या वारसांची तिला रीतसर संमती होती.

दिवंगत लेखकाची पात्रे दुसऱ्याने पुढे चालवणे हा प्रकार इंग्रजी प्रकाशनविश्वात नवा नाही. इयान फ्लेमिंगच्या जन्मशताब्दीनिमित्त २००८ साली जेम्स बाँडची 'डेव्हिल मे केअर' ही कादंबरी लिहिण्याचे काम याच फॉक्स यांच्याकडे आले होते. डग्लस अॅडम्स २००१ साली गेले. त्यांच्या 'हिचहायकर्स गाइड' मालिकेचा सहावा भाग त्यांच्या पत्नीच्या संमतीने ओइन कोल्फर यांनी २००९ मध्ये लिहिला. शेरलॉक होम्सच्या वाट्याला अँथनी हॉरोविट्झ आले (२०११), तर हर्क्यूल प्वारोच्या वाट्याला सोफी हॅना (२०१४). परंतु रहस्यकथेची गोष्ट वेगळी. तेथे कोडे नवे आणि गुप्तहेर जुना असला की निम्मे काम झाले. विनोदी मालिकेत कथानक हा केवळ सांगाडा असतो आणि वाचक येतो तो वाक्यांसाठी. दुसऱ्याचे कथानक उचलता येते. दुसऱ्याचे वाक्य उचलणे फार अवघड.

वुडहाउसच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते, कारण जीव्ह्जच्या बहुतेक सर्व कथा बर्टीच सांगतो. हा निवेदक ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, श्रीमंत, सहृदय आणि बेताच्या बुद्धीचा तरुण. शेक्सपिअर, बायबल, कीट्स हे सारे त्याच्या डोक्यात अर्धवट उरलेले. ऐन वेळी अवतरण आठवत नाही आणि जीव्ह्ज ते नम्रपणे पुरे करतो. एका वाक्यात दरबारी थाटाची इंग्रजी, तर त्याच वाक्याच्या शेवटी क्लबातील पोरकट बोली. विशेषणाची जागा बदलणे ही वुडहाउसची आणखी एक लाडकी लकब. माणूस चिंतातुर असतो, पण 'चिंतातुर' हे विशेषण त्याच्या हातातील चमच्याला लागते. नक्कल करणाऱ्याला यातील एकेक युक्ती उचलता येते. त्या युक्त्यांचे प्रमाण मात्र हाती लागत नाही आणि नक्कल उघडी पडते ती तेथेच.

खुद्द वुडहाउसलाही हे सूत्र मोडून पाहावेसे वाटले होते. गाय बोल्टन यांच्यासह लिहिलेल्या नाटकावरून त्यांनी 'रिंग फॉर जीव्ह्ज' (१९५३) ही कादंबरी केली. तीत बर्टी नाहीच. श्रीमंतांना स्वावलंबन शिकवणाऱ्या एका शाळेत त्याची रवानगी झालेली आहे आणि जीव्ह्ज दुसऱ्याच मालकाच्या चाकरीत. निवेदन तृतीयपुरुषी. कादंबरी वाईट नाही, पण तीत जीव्ह्जचे तेज उणावलेले दिसते. त्याची हुशारी न कळणारा, पण तिच्यावर श्रद्धा ठेवणारा निवेदक समोर असेल तरच ती हुशारी झळकते, हे त्यातून सिद्ध झाले.

फॉक्स यांनी हा धडा ध्यानी ठेवला आणि निवेदन बर्टीकडेच ठेवले. कादंबरी म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे, तर एका चाहत्याने वाहिलेली आदरांजली आहे, असेही त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले. कथा डॉर्सेटमधील मेल्बरी हॉल या वाड्यात घडते. वाड्याचे मालक सर हेन्री हॅकवुड आर्थिक अडचणीत. बर्टीचा मित्र 'वुडी' बीचिंग याचे त्यांच्या कन्येवर, अमेलियावर प्रेम; तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर भेटलेली जॉर्जियाना मेडोज ही सर हेन्रींच्या आश्रयाला असलेली तरुणी बर्टीच्या मनातून जात नाही. काही अपरिहार्य घोटाळ्यामुळे जीव्ह्जला लॉर्ड एट्रिंगहॅम म्हणून वाड्यात वावरावे लागते आणि बर्टीला विल्बरफोर्स या नावाने त्याचा सेवक व्हावे लागते. पहाटे उठून साहेबांचा चहा वर नेणारा बर्टी आणि सरदार मंडळींत सहजतेने मिसळणारा जीव्ह्ज, ही उलटापालट इतकी स्वाभाविक वाटते की मूळ मालिकेत ती एवढ्या विस्ताराने का आली नाही, असा प्रश्न पडावा.

वादाचा मुद्दा आहे तो शेवटाचा. शीर्षकातील लग्नघंटा बर्टीसाठीही वाजू लागतात. मूळ मालिकेत बर्टीचा वाङ्निश्चय कितीदा तरी होतो आणि प्रत्येक वेळी जीव्ह्ज त्याला सोडवतो. होनोरिया ग्लॉसप, मॅडलिन बॅसेट, फ्लॉरेन्स क्रे या सगळ्या पाश घेऊन उभ्या असतात आणि बर्टी निसटतो. हे निसटणे म्हणजेच या मालिकेचे इंजिन. ते थांबले की गाडी संपली. त्यामुळे फॉक्स यांनी मालिका पुढे नेली म्हणण्यापेक्षा तिचा समारोप केला, हे म्हणणे अधिक रास्त. निष्ठावंत वाचकांपैकी काहींना हा अधिक्षेप वाटणे स्वाभाविक होते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र हे धाडसच या पुस्तकाला निव्वळ नकलेच्या वर उचलते.

दुसरी भर अधिक सूक्ष्म आहे. वुडहाउसच्या नंदनवनात महायुद्ध झालेलेच नाही. गंमत अशी की जीव्ह्ज हे नावच युद्धात कामी आलेल्या माणसाचे. १९१३ साली चेल्टनहॅमच्या मैदानावर वुडहाउसने वॉरिकशायरचा अष्टपैलू क्रिकेटपटू पर्सी जीव्ह्ज याचा खेळ पाहिला होता; ते नाव त्यांच्या लक्षात राहिले. जुलै १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत तो मारला गेला. वुडहाउसने या गोष्टीची सावली कथांवर कधीच पडू दिली नाही. फॉक्स हे मुळात 'बर्डसाँग' (१९९३) या पहिल्या महायुद्धावरील गंभीर कादंबरीचे लेखक. त्यांच्या हातून बर्टीच्या पोरकेपणाचा आणि त्याच्या पिढीने सोसलेल्या हानीचा ओझरता स्पर्श कथेला होतो. तो ओझरताच राहतो, हे बरे. थोडा लांबला असता तर विनोदाचा तोल गेला असता.

भाषेच्या बाबतीत फॉक्स यांचा हात सावध आहे. कथानकाचे धागे ते व्यवस्थित जुळवतात, परंतु मूळ लेखकाच्या उत्तम पानावर दर तीन ओळींनी येणारे हास्य येथे पानागणिक एकदा येते. याबाबतीत पुढचे लेखक बेन शॉट अधिक धीट निघाले. 'शॉट्स ओरिजिनल मिसेलनी' या माहितीच्या गमतीदार संग्रहामुळे २००२ मध्ये गाजलेल्या शॉट यांनी वारसांच्या संमतीने 'जीव्ह्ज अँड द किंग ऑफ क्लब्ज' (२०१८) आणि 'जीव्ह्ज अँड द लीप ऑफ फेथ' (२०२०) या दोन कादंबऱ्या लिहिल्या. वुडहाउसने सेवकवर्गाचा ज्युनिअर गॅनिमीड क्लब निर्माण केला होता. तेथील नोंदवहीत प्रत्येक सभासदाने आपल्या मालकाची माहिती लिहायची असते. एवढी माहिती एका ठिकाणी जमत असेल तर हा क्लब ब्रिटिश हेरखात्याचीच शाखा असणार, असे शॉट यांनी ठरवले. प्रतिनायक म्हणून त्यांनी रॉडरिक स्पोड यास घेतले. 'द कोड ऑफ द वूस्टर्स' (१९३८) मधील हा काळ्या चड्ड्यांचा पुढारी म्हणजे फॅसिस्ट नेते ऑस्वल्ड मोस्ले यांचे विडंबन. शॉट यांची वाक्ये मूळ घाटाच्या अधिक जवळ जातात. हेरगिरीचे कथानक मात्र उपरे वाटते. पुस्तकांच्या अखेरीस तपशीलवार टिपाही आहेत. फॉक्स यांनी जुळवलेले लग्न शॉट विचारातच घेत नाहीत. त्यांचा बर्टी अविवाहितच आहे. वारसांची संमती दोन्ही लेखकांना मिळाली, पण एकाच्या कथेचे बंधन दुसऱ्यावर आले नाही.

महाराष्ट्रात या लेखकाचे चाहते थोडे नाहीत. पु. ल. देशपांडे यांचे वुडहाउसप्रेम सर्वश्रुत आहे आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत वुडहाउस शोधण्यात अनेकांची तरुणपणीची दुपार गेली आहे. या चाहत्यांना पडणारा व्यावहारिक प्रश्न असा, की संमती हवीच कशाला? उत्तर स्वामित्वहक्काच्या कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हा हक्क टिकतो, म्हणजे वुडहाउसचे साहित्य तेथे २०४५ अखेरपर्यंत संरक्षित राहील. अमेरिकेत प्रकाशनवर्षाचा हिशेब लागतो. त्यामुळे 'माय मॅन जीव्ह्ज' (१९१९), 'कॅरी ऑन, जीव्ह्ज' (१९२५) यांसारखे आरंभीचे कथासंग्रह तेथे मुक्त झाले आहेत. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. ती पूर्वी ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याचा हक्क संपत आला तेव्हा, १९९० च्या दशकाच्या आरंभी, ती वाढवण्यात आली. या हिशेबाने वुडहाउस भारतात २०३५ अखेर मुक्त होईल. आपले चिं. वि. जोशी १९६३ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या कथांवरील हक्क २०२३ अखेर संपला असून, त्यांची पुढची गोष्ट लिहू पाहणाऱ्यास आता कोणाच्याही परवानगीची गरज उरलेली नाही.