मंजुघोषेच्या महालात पुन्हा एकवार

फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकापुढे इतिहास वाढायचा म्हणजे चिवड्यात खडा टाकण्यासारखेच! पण हा इतिहास राजकन्यांचा आणि त्यांच्या उपवनांचा आहे. भिण्याचे कारण नाही.

लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली, पाठोपाठ १८६६ त ‘रत्नप्रभा’. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड ह्यांनी ‘मंजुघोषा’ लिहिली आणि मराठी वाचक अद्भुताच्या नादी लागला तो लागलाच. संस्कृतप्रचुर लांबलचक वर्णने, पावलोपावली संकटे, शेवटी सज्जनांचे कल्याण. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात ह्या असंभाव्यतेला चांगलेच फैलावर घेतले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातले खरे दुःख कादंबरीत आणले, आणि ह्या राजकन्या माळ्यावर गेल्या.

मग त्या पुन्हा खाली का काढाव्यात? उत्तर खुद्द रिसबुडांनी देऊन ठेवले आहे. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत ते कबूल करतात की, आपल्या लोकांच्या विवाहपद्धतीमुळे आणि इतरही कारणांनी रोजच्या आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही, मनोरंजन करायचे तर अद्भुताकडेच वळावे लागते. केवढा प्रामाणिक माणूस! प्रेमात पडण्याच्या वयापूर्वीच जिथे लग्न उरकलेले, तिथे प्रेमकथा घडावी कुठे? संमतिवयाचा कायदा झाला १८९१ त, आणि त्यानेही मर्यादा दहावरून बारावरच नेली. म्हणून नायिका महालात न्यावी लागली. तिथे ती मोठी होऊ शकत होती, मनाजोगता पुरुष निवडू शकत होती.

माझी आजी नवव्या वर्षी सासरी आली. तिला अक्षरओळख नव्हती. दुपारी भाताचे खडे निवडताना मी तिला असली पुस्तके वाचून दाखवी. वादळे, राक्षस ह्यांत तिला गोडी नसे. नायक-नायिका प्रथम भेटतात ते पान आले की सूप खाली ठेवून म्हणे, “परत वाच रे.” मला कंटाळा येई, दोन ओळी गाळून मी पुढे पळे. तिला त्या पाठ होत्या. ती लगेच पकडी.

ह्या दिवाळीत ते पान मी एकही ओळ न गाळता वाचले.