हिंदोल रागाचं चित्र आणि नगरचा ताशा

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिंदोल रागाचं एक चित्र आहे. काळ साधारण 1590 चा. पूर्वी ते बिकानेरच्या राजांच्या संग्रहात होतं. अभ्यासक त्याखाली 'अहमदनगर किंवा उत्तर दख्खन' असं लिहितात.

हिंदोल म्हणजे झोपाळा, आणि राग वसंताचा. चित्रात झोपाळा आहे, त्यावर एक राजस पुरुष, आणि बायका पिचकाऱ्यांनी रंग उडवताहेत. नेसणं दख्खनी, वरचा मजकूर संस्कृत. चित्रकाराचं नाव कुठेच नाही. आश्रयदाता निजामशाहीतला सुलतान होता की एखादा हिंदू सरदार, तेही चित्र सांगत नाही.

असं चित्र दाखवलं की आपल्याकडे लगेच कौतुक होतं, 'बघा, मुस्लिम राजवट किती सहिष्णू होती!' मला हे कौतुक खटकतं. पाहुण्याला घरात घेतल्याचा सूर त्यात आहे. फरिश्ता हा इतिहासकार नगरात वाढलेला. तो तर निजामशाहीचं मूळ एका ब्राह्मण कुळात सांगतो. विजापुरात दुसरा इब्राहिम आदिलशहा 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वतीचं स्तवन करतो. या माणसांना राग परके नव्हतेच. चित्रकाराने सहिष्णुता काढलेली नाही, वसंत काढलाय.

निजामशाही फार गोड होती, असंही नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबीच्या 'तारीफ-ए-हुसेनशाही'ची सचित्र प्रत आहे. हुसेन निजामशहाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून त्यातल्या बहुतेक चित्रांतून खोडलेली आहे. पुढे मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकलं होतं. सत्ता रुसली की चित्रातला माणूस पुसला जातो, हे नगरकरांना तेव्हापासून माहीत आहे.

शहराचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. त्या वादात शिरायला हा लेख पुरणार नाही. पण मोहरमला कोठल्यावरून सवारी निघते तेव्हा पुढे ताशा कडाडतो. ताशा हा शब्द फारसीतून आलेला. गणपतीच्या मिरवणुकीतही तोच वाजतो, आणि गर्दीतला कुणी त्याला धर्म विचारत नाही. हिंदोलाच्या चित्राची एखादी मोठी प्रत या रस्त्यावर लावली, तर बायका आधी लुगड्याचा पदर बघतील आणि पोरं पिचकाऱ्या.