सावत्र बाप आणि पोटगीचे ओझे

दत्तक म्हटले की आपणांस वंश आणि पिंड आठवतात. इंग्लंडात प्रश्न भाकरीचा होता. १८३४ च्या गरिबांच्या कायद्याने, मुले असलेल्या स्त्रीशी लग्न करणाऱ्यावर ती मुले सोळा वर्षांची होईपर्यंत पोसण्याचा भार घातला. बापाचे हक्क मात्र दिले नाहीत. १९२६ च्या दत्तक कायद्यान्वये आई व सावत्र बाप यांना मिळून मूल दत्तक घेता येऊ लागले. न्यायालयाचा हुकूम होताच जन्मदात्याचे हक्क संपत, तशीच पुढील पोषणाची जबाबदारीही. म्हणून त्याची संमती आवश्यक होती. पोटगी सतत टाळणाऱ्याच्या संमतीवाचूनही न्यायालय हुकूम देऊ शके. दुसऱ्याने खांदा दिल्यावाचून पहिल्याने ओझे उतरवू नये, हेच आम्हांस या इतिहासाचे सार वाटते.