कोऱ्या पडद्याचे वय

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या वाशीमच्या घरी माळा उतरविणे. माझ्या वडील बंधूंचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. ते गेले, दुकान बंद झाले आणि उरलेला माल पत्र्याखालच्या माळ्यावर जाऊन बसला. गेल्या वर्षी वहिनींनी तो खाली काढला. त्यात काळ्या-पांढऱ्या टीव्हीचे एक न उघडलेले खोके होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार एलसीडी पडदे. ते विकून लेकीच्या कॉलेजची फी भरावी, असे वहिनींच्या मनात होते.

मी जरा चाचरलो. तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, वापरलंच नाही त खराब कायचं होईन? कोरं ते कोरंच!”

वाशीमच्या माणसाने असे म्हणावे, यात नवल नाही. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. विंध्यशक्ती दुसरा या राजाचा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा ताम्रपट इथलाच. त्याची संस्कृत-प्राकृत अक्षरे आपल्या काळातही वाचली गेली. तांब्याला इतके आयुष्य, मग काचेला का नसावे? पण वाचकहो, टीव्हीचा पडदा ही नुसती काच नव्हे.

१८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने जी नळी बनविली, तिचाच वंश आपल्या घरांत टीव्ही होऊन आला. दिल्लीला १९५९ साली आणि मुंबईला १९७२ साली दूरदर्शन सुरू झाले. १९८७ साली ‘रामायण’ लागले, तेव्हा एका सेटपुढे अख्खी आळी बसू लागली. त्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. मागच्या निमुळत्या टोकाशी बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप दिलेला कॅथोड असतो. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या लेपावर आदळून उजेड पाडतात. गंमत अशी की नळी निजून असली तरी तिच्यात काही ना काही चालूच असते. काचेतून व धातूच्या भागांतून वायूचा अंश हळूहळू सुटतो आणि कॅथोडला बाधतो. त्याला शोषून घेण्यासाठी नळीच्या आत बेरियमचा चकचकीत थर दिलेला असतो. तो पहारेकरी थकला की कॅथोड मंदावतो. उजेड देणारा लेप मात्र न वापरल्याने झिजत नाही. खरा धोका सर्किटातल्या कपॅसिटरांचा. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यामुळे त्यांच्या आतला ऑक्साइडचा पातळ पापुद्रा क्षीण होतो आणि एकदम पूर्ण दाब दिला तर ते तापून फुटतात.

म्हणून बंधूंनीच शिकविल्याप्रमाणे मी शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावला आणि मग बटण दाबले. दिवा लख्ख पेटला, हळूहळू मंद झाला. पडद्यावर आधी राखाडी छाया आली आणि दहा-पंधरा मिनिटांनी चांगला उजेड पडला. वहिनींचा चेहरा खुलला. पण चित्र कुठले? नुसत्या मुंग्या! दूरदर्शनची जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली आहेत. पडदा वाचला होता. त्याला हाक मारणारेच उरले नव्हते.

मग एलसीडीचे पुडके सोडले, तो आंबट व्हिनेगरचा वास आला. द्रवस्फटिकांचा शोध १८८८ साली फ्रीड्रिख राइनित्सर यांनी लावला; १९६८ साली अमेरिकेत त्यांचे पडदे जगापुढे आले. या पडद्याच्या दोन्ही अंगांना प्रकाश गाळणारी फिल्म चिकटविलेली असते. तिच्यातल्या सेल्युलोज ट्रायॲसिटेटचे ऊन आणि दमट हवा यांनी विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटते. जुन्या सिनेमाच्या रिळांना जडतो तोच हा रोग. वैशाखात तापणारा पत्रा आणि श्रावणातली ओल यांनी आमच्या चारही पडद्यांवर फोड आणले होते. आजच्या मोबाइलमधला ओएलईडी पडदा तर याहून नाजूक. कडेच्या सांध्यातून बाष्प शिरले की न वापरताही त्यावर काळे ठिपके पडतात.

“म्हणजे चारही गेले?” वहिनींनी विचारले.

“गेले,” मी म्हणालो. खोटे सांगून गिऱ्हाईक फसविणे बंधूंना कधी जमले नव्हते. मला कसे जमावे?

पडदा ठेवायचाच असेल तर थंड, कोरड्या जागी, उभा, ओल शोषणाऱ्या पुडीसकट ठेवावा. टीव्ही असेल तर वर्षा-दोन वर्षांतून काही वेळ चालवावा. माळा ही त्याची जागा नव्हे.

खोके आवरताना झाकणाच्या आतल्या बाजूस बंधूंच्या हातची निळी अक्षरे दिसली : ‘घरासाठी. स्लॅब पडल्यावर.’ जन्मभर लोकांचे नवे सेट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने आपल्या घरी जुनाच वापरला आणि नवा पक्क्या घरासाठी जपून ठेवला. स्लॅब काही पडला नाही.

फीचे आम्ही दोघांनी मिळून भागविले. सेट वहिनींनी विकला नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी तो पुसून ओसरीवर मांडला आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, लावा बरं थोडा वेळ. मुंग्याच दिसू द्या.”