असईचा तोफगोळा

जुन्या लढायांच्या जागी हिंडावे, नांगरलेल्या रानात एखादी शिशाची गोळी दिसते का ते पाहावे, आणि तेथे काही हाती लागले नाही तर शहराच्या जुन्या बाजारात मोडीच्या ढिगातून एखादी तलवारीची मूठ किंवा पलटणीचे पितळी बटण उचलून आणावे, हा छंद असणारी माणसे आता आपल्याकडेही पुष्कळ दिसू लागली आहेत. या छंदाला आम्ही नावे ठेवणार नाही, कारण आम्हीही त्यातलेच आहोत. तथापि या छंदामुळे इतिहासाची किती सेवा होते आणि किती हानी होते, याचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. त्याला निमित्त झाले एका तोफगोळ्याचे.

आमच्या शहराच्या आठवडी जुन्या बाजारात एका विक्रेत्याने तो गोळा आमच्यापुढे ठेवला आणि तो असईच्या लढाईतला असल्याचे शपथेवर सांगितले. गोळा गंजलेला होता, त्याचा व्यास सुमारे नऊ सेंटिमीटर भरला. त्या काळच्या सहा पौंडी तोफेच्या गोळ्याचा व्यास जवळजवळ एवढाच असे, हे खरे. पण तसा ओतीव लोखंडी गोळा पावणेतीन किलोंच्या आत भरावयाचा. हा तीन किलोंच्या जवळ गेला. दुसरे असे की, साच्याच्या दोन अर्धुकांत ओतलेल्या गोळ्यावर सांध्याची पुसट रेषा आणि रस ओतल्याच्या जागेची खूण बहुधा राहते. याच्यावर दोहोंपैकी काहीच नव्हते. तात्पर्य, तो सिमेंटच्या किंवा खनिजाच्या कारखान्यात दगड भरडण्यासाठी वापरतात तसला घडीव पोलादी गोळा होता. कारखान्यातून भंगारात आणि भंगारातून इतिहासात, असा त्याचा प्रवास झाला होता.

अशा फसवणुकीत नवल काहीच नाही. आपल्याकडील ‘फिरंगी’ तलवारींच्या पात्यांवर युरोपातील नामांकित कारागिरांची नावे आणि शिक्के येथील कारागीर शेकडो वर्षांपूर्वीच उठवीत असत, आणि ती पाती खऱ्या विलायती मालाच्या भावाने खपत. परंतु घरी परतताना आमच्या मनात वेगळाच प्रश्न आला. समजा, तो गोळा खरोखरच असईचा असता, तर त्याने आम्हांला काय सांगितले असते? विचारांती उत्तर मिळाले ते असे की, जवळजवळ काहीच नाही. आणि ज्या ढेकळाखालून तो उचलला गेला, तेथेच तो राहिला असता, तर मात्र त्याने पुष्कळ सांगितले असते. हे कसे, ते समजण्यासाठी त्या लढाईकडे थोडे वळले पाहिजे.

असई हे गाव आज जालना जिल्ह्यात मोडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुलूख हैदराबाद संस्थानात व नंतर त्या राज्यात होता, म्हणून हैदराबादेच्या मराठी माणसास ते परके वाटत नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबात २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर जनरल आर्थर वेलस्ली चालून गेला. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी इंग्रज फौज येऊन मिळण्याची वाट त्याने पाहिली नाही. केळणेला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. पण नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे वसलेली त्याला दिसली, आणि ज्या अर्थी गावे अशी जोडीने वसली आहेत त्या अर्थी त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने बांधले. ते खरे ठरले. जमीन वाचता येणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

यापुढचा भाग मात्र आपल्याकडे म्हणावा तितका सांगितला जात नाही. शिंद्यांच्या कंपूंचा सेनानी पोलमन याने शत्रू बगलेवर येत आहे असे पाहताच आपली सगळी पायदळाची ओळ फिरवून त्याच्यासमोर आणली. एवढी शिस्त या पलटणींत असेल, अशी अपेक्षा वेलस्लीने केली नव्हती. मग शिंद्यांच्या तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज इतके पडले की, तोफा मागे टाकून केवळ संगिनीच्या बळावर पुढे जाण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. असई गावाच्या रोखाने भलतीकडे सरकलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ सर्वच अधिकारी ठार किंवा जखमी झाले. अखेर तोफांची ओळ इंग्रजांच्या हाती गेली. पण तोफांपाशी मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज शत्रू पुढे सरकताच उठले, त्यांनी त्याच तोफा उलट्या फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा एकदा जिंकून घ्याव्या लागल्या. सायंकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या ताब्यात होत्या. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जगभर गाजलेल्या या सेनापतीने उतारवयात, आपल्या हातून झालेली सर्वोत्तम लढाई कोणती, या प्रश्नाला असईचेच नाव घेतले, हे प्रसिद्धच आहे.

आता दोन्ही पक्षांची दप्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहा. इंग्रजांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, असा पलटणवार हिशेब कागदावर आहे. त्यांच्या पलटणींना असईचा हत्ती मानचिन्ह म्हणून मिळाला. मद्रासी पलटणींचा वारसा सांगणाऱ्या आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर तो हत्ती आजही आहे. शिंद्यांच्या बाजूला काय आहे? पडलेल्यांची संख्या आहे, पण ती शत्रूने केलेल्या अंदाजाची. बाराशे मृत देह रणांगणावर होते, असे वेलस्ली म्हणतो. एकंदर हानीचा आकडा दुसरे लोक सहा हजारांपर्यंत नेतात. तोफांशेजारी मेल्यासारखे पडून राहिलेल्या, पुन्हा उठलेल्या आणि मग खरोखरच मेलेल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचे नाव तरी आपण सांगू शकतो काय? या कंपूंत उत्तर हिंदुस्थानातील शिपाई मोठ्या संख्येने होते. अयोध्येच्या आणि दुआबाच्या खेड्यांतून आलेली ही माणसे दक्षिणेतल्या एका ओढ्याकाठी पडली. त्यांच्या घरी कोणी काय कळवले असेल?

अशा माणसांची साक्ष एकाच ठिकाणी उरते, आणि ते ठिकाण म्हणजे ती जमीन. कागद जेत्याने लिहिला, पण शिसे आणि लोखंड दोघांनीही सारखेच जमिनीत पेरले. तोफांची ओळ नेमकी कोठे होती, पोलमनने ती कोणत्या रेषेवर फिरवली, ७४ वी पलटण कोठे अडकली, याचा निवाडा त्या गोळ्या कोणत्या वाफ्यात दाट आणि कोणत्या वाफ्यात विरळ सापडतात, यावरून होऊ शकतो. एवढेच नव्हे, तर एकाच रेषेवरून प्रथम पूर्वेकडे आणि नंतर पश्चिमेकडे मारा झाल्याची खूण मातीत मिळाली, तर त्या निनावी गोलंदाजांच्या पराक्रमाला त्यांच्या शत्रूच्या शिफारशीची गरज उरणार नाही. पण यातली ग्यानबाची मेख अशी की, हे सर्व गोळी कोठे सापडली यावर अवलंबून आहे. वॉटर्लूला इंग्रजी बंदुकीची गोळी फ्रेंच गोळीहून किंचित मोठी असल्यामुळे तिच्या मापावरूनही तिचा पक्ष ओळखता येतो. शिंद्यांच्या पलटणी तर युरोपीय धर्तीवरच सजवलेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी सँग्स्टर नावाचा स्कॉच कारागीर आग्र्याला त्याच नमुन्याच्या तोफाबंदुका तयार करीत असे. तेव्हा असईच्या गोळीचे नुसते माप फारसे बोलत नाही. तिची जागा बोलते. ती उचलून खिशात टाकली की तिची वाचा गेली.

वॉटर्लूचे नाव वर आलेच आहे. असईनंतर बारा वर्षांनी, १८ जून १८१५ रोजी, याच सेनापतीने तेथे नेपोलियनचा पराभव केला. आणि रणभूमीवरील अवशेषांची हाव कोणत्या थराला जाते, हे त्या भूमीने जगाला दाखवले. लढाईला दोन महिने झाले नाहीत तोच हौशी प्रवाशांची तेथे रीघ लागली. सर वॉल्टर स्कॉट त्याच ऑगस्टमध्ये गेला आणि चिलखते विकत घेऊन परतला. ज्या एल्म वृक्षाखाली वेलिंग्टन उभा असे, त्याच्या साली आणि फांद्या लोकांनी इतक्या ओरबाडल्या की १८१८ मध्ये तो तोडावाच लागला. त्याच्या लाकडाची एक खुर्ची करून चौथ्या जॉर्ज राजाला नजर करण्यात आली. खरे अवशेष संपत आले तेव्हा नवे घडवून विकणारेही निघाले. सर्वांत मोठी हानी मात्र आदरापोटी झाली. डच राजपुत्र जेथे जखमी झाला तेथे १८२६ पर्यंत सिंहाचा पुतळा असलेली प्रचंड टेकडी रचण्यात आली, आणि तिच्यासाठी माती घेतली ती रणभूमीवरच्याच उंचवट्याची! ज्या चढाच्या आडोशाने वेलिंग्टनने आपली फौज उभी केली होती, तो चढच स्मारकाने गिळला. स्मारक उभारण्यापूर्वी जमीन मोजून घ्यावी, ही बुद्धी तेव्हा कोणाला झाली नाही. २०१५ पासून तेथे पद्धतशीर उत्खनन सुरू झाले ते दोनशे वर्षांच्या या लुटीतून उरलेल्या अवशेषांवर.

मातीची साक्ष घेण्याची योग्य रीत कशी फळास येते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नकडे वळावे. तेथे २५ जून १८७६ रोजी सू आणि शायान या मूळ रहिवाशांच्या योद्ध्यांनी जनरल कस्टर व त्याची तुकडी कापून काढली. कस्टरचे लोक अखेरपर्यंत टेकडीवर कडे करून लढले, असे चित्र शंभर वर्षे रंगवले गेले. जिंकलेल्या योद्ध्यांनी तोंडी सांगितलेली हकीकत कोणी फारशी मनावर घेतली नाही. १९८३ मध्ये वणव्याने तेथील गवत जळून जमीन उघडी पडली, आणि १९८४ व १९८५ मध्ये डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी धातुशोधक यंत्रांनी ती पायाखाली घातली. त्यांनी सापडलेली प्रत्येक वस्तू उचलण्यापूर्वी नकाशावर टिपली. रिकाम्या काडतुसांवरील आघाताच्या खुणा ताडून एकच बंदूक कोठून कोठे गेली, हेदेखील त्यांना सांगता आले. कस्टरची फळी कशी विस्कटली, हे त्यातून दिसले, आणि योद्ध्यांच्या तोंडी हकिकतींना पुष्कळ ठिकाणी पुष्टी मिळाली. ज्यांच्याजवळ कागद नव्हता, त्यांची साक्ष एका शतकानंतर जमिनीने दिली. असईबाबत आम्ही जी आशा धरतो, ती या आधारावर.

वस्तू जपताना तिची हकीकतही जपावी, ही रीत आपल्याकडे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. नारोशंकराची घंटा तर भाषेत जाऊन बसली. या घंटा कोणी घासूनपुसून अनामिक केल्या नाहीत, वितळवल्या नाहीत, त्यांच्यावरील परधर्माची चिन्हेही खरवडली नाहीत. त्या कोठून आल्या, कोणी आणल्या, हे गावचा पुजारीही सांगतो. म्हणूनच त्या आजही इतिहासाचे साधन आहेत. तेवढ्याच वजनाचे पंचधातू जुन्या बाजारात पडले असते, तर त्याला केवळ धातूचा भाव आला असता.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करू नये आणि खाजगी व्यक्तीने त्या परदेशी पाठवू नयेत, असे १९७२ चा कायदा सांगतो. पण ज्वारीच्या ताटांत सापडलेली शिशाची गोळी कोणाला द्रव्य वाटेल? किल्ला दिसतो, समाधी दिसते, म्हणून तेथे निदान पाटी तरी लागते. रणभूमी ही दिसायला नुसती जमीन असते आणि तिच्यावर कुळे वर्षानुवर्षे पोट भरीत असतात. शेतकऱ्याने नांगर थांबवावा, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तशी आवश्यकताही नाही. नांगराने गोळी हातभर सरकते, पण शेत सोडीत नाही. तिला दुसऱ्या गावी नेतो तो हौशी संग्राहक आणि त्याला माल पुरवणारा दलाल.

तेव्हा आमच्यासारख्या छंदिष्टांना आमचे सांगणे थोडक्यात एवढेच आहे. रानात काही दिसले तर शक्यतो तेथेच असू द्यावे. शेतकऱ्याने ते आधीच उचलून घराच्या कोनाड्यात ठेवले असेल, तर विकत मागण्याऐवजी त्याला जवळ बसवून, कोणत्या शेतात, कोणत्या बांधालगत, किती खोल सापडले, हे विचारावे आणि गावाचे नाव, गट क्रमांक व तारीख यांसह लिहून घ्यावे. वस्तू त्याच्याच घरी राहू द्यावी. असईच्या परिसरातील शाळांमधून शिक्षकांनी मुलांकडून ही टिपणे करवून घेतली, तर दोनचार वर्षांत घरोघरच्या वस्तूंची एक वही तयार होईल. पुढे शास्त्रशुद्ध पाहणीचा योग येईल तेव्हा पुरातत्त्वज्ञांना ती वही हातात घेऊनच कामाला प्रारंभ करता येईल. त्या वहीत कोणा गोलंदाजाचे नाव सापडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण तो कोठे उभा होता आणि त्याने तोफेचे तोंड कोणत्या दिशेला फिरवले, एवढे कळले तरी त्याच्याविषयी आजवर लिहिल्या गेलेल्या मजकुरात ती मोठीच भर पडेल.

बाजारातील तो गोळा आम्ही घेतला नाही. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा तो तेथे नव्हता. कोणीतरी असईचा म्हणून त्याला घरी नेले होते.